फौजीला गेटवर नको, साईटवर घ्या

ओळंबा | सोमवार, रात्री १०.४०

आमच्या सोसायटीच्या गेटवर दिवसपाळीला जे काका असतात ते सतरा वर्षं फौजेत होते, हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ड्रेनेजची लाईन टाकायला कंपाउंडच्या भिंतीलगत जेसीबीने चर खणत होते. काका केबिनमधून उठून आले, चरात वाकून पाहिलं आणि ऑपरेटरला म्हणाले, "इथून पुढं मशीन नको. भिंतीचा पाया उघडा पडलाय. हातानं खणा आणि खणलं की लगेच टेकू द्या." वॉचमनचं कोण ऐकणार? संध्याकाळी पाऊस आला आणि रात्री पंधरा फूट भिंत चरात बसली. तिथे दिवसभर पोरं क्रिकेट खेळतात. रात्र होती म्हणून निभावलं.

सकाळी मी विचारलं, "काका, तुम्हाला कसं कळलं?" म्हणाले, "ओईएम होतो, साहेब." म्हणजे ऑपरेटर एक्स्कॅव्हेटिंग मशीन. इंजिनिअर रेजिमेंटमध्ये डोझर आणि एक्स्कॅव्हेटर चालवलेला माणूस. अरुणाचलात पावसाळाभर दरडी काढून रस्ता मोकळा ठेवायचं काम केलेला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि मशीनच्या ट्रॅकला जेमतेम जागा.

मी अठरा वर्षं पुण्यात बांधकामात आहे. सध्या दोन साईट माझ्याकडे आहेत. चांगला ऑपरेटर मिळत नाही म्हणून भाड्याने आणलेलं पोकलेन (मोठं खोदाईचं मशीन) दोन-दोन दिवस उभं राहतं आणि भाडं चालू राहतं. आणि एक कसलेला ऑपरेटर माझ्याच घराच्या गेटवर गाड्यांचे नंबर वहीत उतरवत बसलाय. त्या दिवसापासून हे डोक्यातून जात नाही.

शिपाई ते हवालदार हुद्द्याची बहुतेक मंडळी पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान घरी येतात. देशभरात दरवर्षी साठ हजारांच्या आसपास. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात तर घरटी फौजी असलेली गावं आहेत. साताऱ्याजवळचं अपशिंगे सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले आणि गावाच्या नावालाच मिलिटरी जोडलं गेलं. अशा गावांतून पेन्शनवर आलेला, अंगात वीस-बावीस वर्षांचं काम शिल्लक असलेला माणूस बारा तासांच्या पाळीत खुर्चीवर बसतो. आणि आपल्या धंद्यात फोरमन नाही, ऑपरेटर नाही, भरवशाचा स्टोअरकीपर नाही.

इथे माजी सैनिक असतील, ठेकेदार असतील, घरात फौजी असलेले असतील. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही मंडळी साईटवर का येत नाहीत? आणि आली तर का टिकत नाहीत? दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझा एक अनुभव आहे, तो पुढे लिहितो.

---

रानजाई | सोमवार, रात्री ११.१५

वाचते आहे. घरात फौजी आहे. उद्या सविस्तर लिहिते.

---

सॅपर_वाईकर | मंगळवार, सकाळी ६.०५

ओळंबा साहेब, धागा काढलात, बरं वाटलं. मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलाचा, खडकीचा. नायब सुभेदार म्हणून पेन्शन आलो.

आधी लोकांना हे सांगू द्या की सॅपर म्हणजे काय. खडकीच्या सेंटरला आधी शिपाई घडवतात, मग ट्रेड शिकवतात. कुणी कारपेंटर, कुणी प्लंबर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, ड्राफ्ट्समन, सर्व्हेअर, कुणी मशीनवर. ट्रेड कुठलाही असो, पूल प्रत्येकाला बांधता आला पाहिजे. बेली ब्रिजचं, म्हणजे तुकडे जोडून उभारायच्या लोखंडी पुलाचं, एक पॅनल दहा फूट लांब आणि अडीचशे किलोच्या वर असतं, ते सहा जण मिळून उचलतात. एकानं पाय चुकवला तर पाच जणांचे हात जातात. त्यामुळं कमांड देणारा एकच आणि बाकीच्यांचा श्वासही त्याच्या आवाजावर. हे अंगात मुरायला वर्षं लागतात.

आमची कामं लोकांनी पाहिली आहेत, पण कुणाची ती ओळखली नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. तिथला नवा पादचारी पूल सॅपर्सनी बांधला आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला तो खुला झाला. करी रोड आणि आंबिवलीचेही. वायनाडला ३० जुलै २०२४ ला दरडी कोसळल्या, तेव्हा चूरलमलाला मद्रास सॅपर्सनी १९० फुटांचा बेली ब्रिज टाकला. १ ऑगस्टला त्यावरून गाड्या सुरू. त्या पुलावर काम केलेला एखादा जवान उद्या पेन्शन येईल आणि एखाद्या मॉलच्या दारात डिक्की उघडून बघेल. मला याचं फार वाईट वाटतं.

आता का येत नाहीत ते सांगतो. पेन्शन आल्यावर मी एका मोठ्या बांधकाम कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. समोरचा मुलगा पंचवीस-सव्वीसचा असेल. अदबीनं बोलला, पण त्याच्यासमोर फॉर्म होता. "आयटीआय आहे का?" नाही. "डिप्लोमा?" नाही. "सिव्हिलमधला अनुभव?" मी डिस्चार्ज बुक पुढं केलं. त्यानं चार पानं उलटली. त्यात ट्रेड आहे, क्लास म्हणजे ट्रेडमधली श्रेणी आहे, कोर्स आहेत. पण त्याच्या फॉर्ममध्ये त्या शब्दांना रकाना नव्हता. शेवटी म्हणाला, "सर, सिक्युरिटीमध्ये सुपरवायझरची जागा आहे." त्या पोराचा दोष नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही की क्लास वन कारपेंटर म्हणजे शटरिंगचा अख्खा मजला अंगावर घेणारा माणूस.

आणि गेटकडं जाणारा रस्ता सरकारनं तयार ठेवलाय. पुनर्वसन महासंचालनालय सुरक्षा एजन्सींची यादी ठेवतं. त्या एजन्सींना नव्वद टक्के माजी सैनिकच घ्यावे लागतात. त्यामुळं जवान घरी आला की आठवड्यात फोन येतो. पगार ठरलेला, कपडे ठरलेले, काम ओळखीचं. बांधकामाकडून असा फोन कुणाला येत नाही. सुरक्षेच्या कामाला मी नावं ठेवत नाही, माझे कितीतरी जोडीदार ते इमानानं करतात. पण ज्याच्या हातात ट्रेड आहे त्याला दुसरं दार दिसलं तरी पाहिजे.

---

नाशिकचा_ठेकेदार | मंगळवार, दुपारी १.३०

मी आरसीसीचं लेबर कॉन्ट्रॅक्ट घेतो. मनातलं लिहितो, सुभेदार साहेब, राग मानू नका.

माझ्याकडे दोन माजी सैनिक आले होते. पहिले तीन आठवड्यांत गेले. माणूस प्रामाणिक, पहाटे सहाला हजर. पण लेबरशी बोलणं परेड ग्राउंडवरचं. एका फिटरला सगळ्यांसमोर उभं करून झापलं. चूक फिटरचीच होती, रिंगा सहा इंचांवर पाहिजेत तिथे आठ-नऊवर बांधल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी अख्खी गँग, चौदा माणसं, कामावर आली नाहीत. झारखंडची मंडळी, ती मुकादमाच्या शब्दावर येतात आणि त्याच्याच शब्दावर जातात. माझा कॉलम भरायचा दिवस गेला. फौजेत शिपाई पळून जाऊ शकत नाही, साईटवर बिगारी संध्याकाळी हिशोब मागून शेजारच्या साईटवर जातो.

दुसरं म्हणजे पैसा. पेन्शन आहे म्हणून कमी पगारात येतील असं धरून काही जण त्यांना घेतात. ते मला पटत नाही, पण चालतं. आणि काही माजी सैनिकांचीही अपेक्षा असते की आल्या आल्या खुर्ची मिळावी. आमच्याकडे खुर्ची नसते हो. सिमेंटच्या गोणीवर बसून डबा खावा लागतो.

दुसरे जे आले ते मात्र चार वर्षं झाली, अजून आहेत. त्यांच्याबद्दल रात्री लिहितो, आत्ता स्लॅबची गाडी आली.

---

ओळंबा | मंगळवार, रात्री ९.५०

ठेकेदार साहेब, तुम्ही लिहिलंत ते मीही पाहिलंय. म्हणूनच माझा अनुभव सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांनी एक हवालदार पाठवले. इंजिनिअर नव्हेत, पायदळातले, मराठा लाइट इन्फंट्रीचे. बांधकामाचा गंध नाही. मी त्यांना रात्रपाळीला शिफ्ट सुपरवायझरच्या हाताखाली ठेवलं आणि सांगितलं, तीन महिने फक्त बघा, विचारा, लिहून ठेवा. ते खरोखर लिहायचे. खिशात छोटी वही, त्यात प्रत्येक वस्तूचं नाव मराठी आणि हिंदी दोन्हींत.

चौथ्या महिन्यात पोडियमचा, म्हणजे इमारतीच्या तळाच्या रुंद मजल्याचा, स्लॅब होता, रात्रीचा. काँक्रीट आणणाऱ्या पहिल्या दोन ट्रान्झिट मिक्सर गेटवर येऊन उभ्या. पंप लावलेला. आणि हवालदार खालून वर येऊन म्हणतात, "साहेब, थांबवा." मी चिडलो. प्लॅन्टवरून निघालेलं काँक्रीट किती वेळ थांबतं ते आपल्याला माहीत आहे. ते म्हणाले, "दोन मिनिटं खाली चला."

खाली प्रॉप्सचं, म्हणजे स्लॅबला टेकू देणाऱ्या लोखंडी खांबांचं, जंगल. ते टॉर्च घेऊन एकेका प्रॉपपाशी बसून आले होते आणि काहींवर खडूने फुली मारली होती. मी एका फुलीपाशी वाकलो. प्रॉपच्या उंचीच्या भोकात कंपनीची पिन नव्हती, दहा एमएमच्या सळईचा तुकडा घातला होता. पुढच्या फुलीवर तेच. एकूण एकतीस. पिना हरवतात, शटरिंगवाले हाताशी असलेला तुकडा घालतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि घाईत कुणी बघत नाही. एकतीस प्रॉप्स एकाच पट्ट्यात, बीमच्या खाली. वर ओल्या काँक्रीटचं वजन आल्यावर तो तुकडा वाकला असता की तुटला असता, हे मला विचारू नका. त्या रात्री मी विचार केला आणि मला झोप लागली नाही.

एक मिक्सर परत पाठवली, पिना बदलल्या, अडीच तास उशिरा स्लॅब सुरू केला. पहाटे चहा पिताना ते म्हणाले, "साहेब, मला काँक्रीट कळत नाही अजून. पण पिन बदललेली कळते. रायफल उघडून जोडताना एक पिन दुसऱ्याची आली तर उस्ताद हात धरायचा."

मला जे म्हणायचंय ते हे आहे. सॅपर असेल तर त्याचा ट्रेड घ्या. नसेल तरी त्याची तपासायची सवय घ्या. पण तीन महिने शिकायला द्या. पहिल्याच दिवशी चौदा माणसांच्या गँगपुढे उभं करू नका, मग तो त्याला जी भाषा येते तीच बोलणार.

---

रानजाई | बुधवार, सकाळी ११.२०

आता माझं ऐका. मी गडहिंग्लजची. ह्यांनी सतरा वर्षं केली, त्यातली पाच वर्षं मी फॅमिली क्वार्टरमध्ये होते, बाकी सगळी सासरी. मुलीचा जन्म ह्यांनी फोनवर ऐकला. तिच्या पहिलीच्या दिवसाचा फोटो युनिटमध्ये पोस्टानं पाठवला होता मी, कारण तिथे नेटवर्क नव्हतं.

हे पेन्शन आल्यावर पुण्याच्या एका कंपनीची साईट सुपरवायझरची नोकरी आली होती. पगार इथल्या बँकेच्या गार्डपेक्षा बराच जास्त. ह्यांनी मला विचारलं. मी नको म्हटलं. तुम्ही म्हणाल, ताई, तुमच्यामुळे त्यांची संधी गेली. गेली असेल. पण लेबर कॅम्पशेजारी पत्र्याच्या खोलीत राहायचं, महिन्यातून एकदा घरी यायचं आणि पुन्हा फोनवर संसार, हे मला आणि मुलांना आणखी झेपलं नसतं. सासऱ्यांचं दुखणं, शेतीची कामं, मुलाची दहावी, हे सगळं मी एकटीनं ओढलं होतं. म्हणून गेटवरची नोकरी लागते. गेट गावात असतं.

दीड वर्षानं आमच्या भागातच रस्त्याचं काम निघालं. घरापासून चाळीस किलोमीटर. तिथे हे लागले, आधी ट्रॅफिक डायव्हर्जनवर, आता साहेबांनी सर्व्हेच्या टीमबरोबर घेतलंय. रविवार पक्का घरी. आता चेहरा बघितला तर कळतं की माणूस कामावरून आलाय. गार्ड होते तेव्हा घरी आल्यावर बोलायचे नाहीत, टीव्हीसमोर बसून राहायचे.

तुम्हाला भरती करायची असेल तर पुण्या-मुंबईत बसून जाहिरात देऊ नका. कामं कुठे आहेत आणि फौजी कुठे आहेत हे नकाशावर मांडा. पाटबंधारे, रस्ते, साखर कारखान्यांची बांधकामं, शाळांच्या इमारती आमच्या जिल्ह्यातही होतात. लांब न्यायचं असेल तर कुटुंबाला राहता येईल अशी खोली आणि शाळेची सोय आधी सांगा. आणि बोलणी करताना बायकोलाही बोलवा. निर्णय दोघांचा असतो.

अजून एक. वीरपत्नी आहेत, त्यांना पेन्शन असतं पण घरी बसून दिवस जात नाही. आमच्या ओळखीतली एक बारावी झालेली, टॅली शिकलेली. साईटच्या ऑफिसात बिलं, मस्टर, चलनं बघायला अशा बायका का नाही घेत तुम्ही?

---

ओळंबा | बुधवार, दुपारी १२.०५

रानजाई ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार. चलन आणि मस्टरसाठी माझ्याकडे दोन महिन्यांत एक जागा होणार आहे. तुमच्या ओळखीच्या ताईंना माझा निरोप द्या, निरोपातून बोलू.

---

शिकागोचा_मावळा | बुधवार, रात्री ११.४५ (तुमच्याकडे गुरुवार सकाळ)

मी इथे एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर आहे. इथली पद्धत सांगतो, उपयोग होईल.

अमेरिकेत २००३ पासून हेल्मेट्स टू हार्डहॅट्स नावाचा कार्यक्रम चालतो. बांधकामातल्या कामगार संघटना आणि ठेकेदार मिळून तो चालवतात. सैन्य सोडणारा माणूस नाव नोंदवतो, त्याला इलेक्ट्रिशियन, प्लंबर, आयर्नवर्कर, क्रेन ऑपरेटर अशा ट्रेडच्या ॲप्रेंटिसशिपला जोडून देतात. आधी बांधकाम केलेलं असलंच पाहिजे असं नाही, शून्यापासून घेतात. तीन ते पाच वर्षं दिवसा साईटवर काम, ठरलेल्या तासांचा वर्ग, आणि पहिल्या दिवसापासून पगार.

खरी गंमत पैशाच्या जोडणीत आहे. शिकाऊ माणसाचा पगार सुरुवातीला कमी असतो. सैनिकाला शिक्षणासाठी सरकारकडून जो लाभ मिळतो, त्यातला घरभाड्याचा भत्ता ॲप्रेंटिसशिपलाही लागू होतो. पहिले सहा महिने पूर्ण, मग पगार चढत जातो तसा ८०, ६०, ४०, २० टक्के असा उतरत जातो. घर चालवणारा तिशी-पस्तिशीचा माणूस कमी पगारात शिकायला तयार होतो तो यामुळे. शिवाय सैन्यातल्या शेवटच्या काळात १८० दिवसांपर्यंत बाहेरच्या कंपनीत काम शिकायची परवानगी मिळू शकते, पगार सैन्यच देतं.

आपल्याकडे पेन्शन आहे, म्हणजे त्या भत्त्याचं काम काही अंशी पेन्शन करू शकते. पण इथल्यासारखा मान आपल्याकडे हाताच्या कामाला नाही, ही खंत आहे. माझ्या शेजारी नौदलातून आलेला पाईपफिटर राहतो. त्याच्या मुलीला बापाच्या कामाबद्दल शाळेत अभिमानानं बोलताना मी ऐकलंय.

---

पिवळी_टोपी | गुरुवार, दुपारी ३.१०

मी सेफ्टी ऑफिसर आहे, मेट्रो आणि उड्डाणपुलांच्या कामावर. ओळंबा यांच्या एकतीस पिना वाचून काटा आला अंगावर. १ ऑगस्ट २०२३ ला शहापूरजवळ समृद्धीच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून वीस जण गेले. आमच्या क्षेत्रात त्या तारखेचा विसर कुणाला पडत नाही.

इथे एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहिते. बऱ्याच माजी सैनिकांना कुणीतरी सांगतं की तुम्हाला पदवीचं प्रमाणपत्र मिळालंय, थेट सेफ्टी ऑफिसर व्हा. दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षं सेवा केलेल्या सैनिकाला पदवीधर समतुल्य मानतात, ते सरकारी गट क च्या ठरावीक जागांसाठी. बांधकामावरच्या सेफ्टी ऑफिसरला अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका, प्रत्यक्ष बांधकामाचा अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेचा अभ्यासक्रम लागतो. ही फसगत मी दोघांची पाहिली आहे. एका खासगी क्लासनं फी घेतली, सहा महिन्यांचा कागद दिला आणि तो कागद कुठेच चालला नाही. फी भरण्याआधी अभ्यासक्रम तंत्रशिक्षण मंडळाचा आहे का ते बघा.

पण रस्ता आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखालच्या नियमांत पाचशे कामगार असले की सेफ्टी ऑफिसर लागायचा. २०२० च्या नव्या संहितेत बांधकामासाठी तो आकडा २५० वर आला. म्हणजे मधल्या आकाराच्या साईटवरही आमची गरज वाढणार. आणि एक ऑफिसर सगळीकडे पुरत नाही, त्याच्या हाताखाली सेफ्टी स्टुअर्ड, मार्शल, परमिट बघणारा, अग्निशमन बघणारा अशी माणसं लागतात. तिथे पदविकेची अट नसते. त्या जुन्या नियमांत अशीही अपेक्षा होती की साईटवरच्या बहुसंख्य कामगारांची भाषा ऑफिसरला यावी. वीस वर्षं बिहारी, गढवाली, तमिळ जोडीदारांबरोबर एका बराकीत राहिलेल्या माणसाइतकी ती कुणाला येणार? सकाळचा टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीचं सुरक्षेचं बोलणं, माजी सैनिक घेतो तेव्हा मी मुद्दाम मागे उभी राहून ऐकते. तो कागद वाचून दाखवत नाही, हार्नेस स्वतः घालून हुक कुठे अडकवायचा ते दाखवतो.

---

शिराळकर | गुरुवार, रात्री ८.३०

माझा मुलगा अग्निवीर आहे, पहिल्या तुकडीतला. जानेवारी २०२३ ला ट्रेनिंग सुरू झालं. कायम होणाऱ्या पंचवीस टक्क्यांत राहिला तर देवाची कृपा, नाहीतर चार वर्षं भरली की घरी. सेवा निधीचे ११.७१ लाख मिळतील, पण पेन्शन नाही, कँटीन कार्ड नाही, माजी सैनिक म्हणून दर्जाही नाही. वय चोवीस. बारावी, पायदळ, हातात ट्रेड नाही. त्याची आई रोज विचारते, पुढं काय. गावातला एक जण ते पैसे डंपरमध्ये घालायला सांगतोय.

वर सगळं पेन्शनवाल्यांचं चाललंय. आमच्या पोराला कोण घेईल?

---

सॅपर_वाईकर | शुक्रवार, सकाळी ५.५०

शिराळकर दादा, डंपरला आत्ता हात लावू नका. हप्ता, डिझेल, ड्रायव्हर आणि काम देणाऱ्याची थकलेली बिलं, यात अकरा लाख कधी गेले ते कळत नाही. माझ्या गावात दोन डंपर उभे आहेत, टायरखाली गवत उगवलंय. पैसे ठेवीत ठेवा.

तुमच्या मुलाचं वय हीच त्याची कमाई आहे. चाळिशीच्या माणसाला पदविका करायला जड जातं, चोवीसच्याला नाही. सुट्टीवर आला की त्याला एवढं सांगा. युनिटमध्ये ज्या-ज्या कोर्सला नाव देता येईल तिथं द्यावं, आणि बाहेर पडताना अग्निवीरांना जे कौशल्याचं प्रमाणपत्र देतात त्यात केलेलं प्रत्येक काम नोंदवलंय का ते सही करण्याआधी वाचावं. ड्रायव्हिंग करत असेल तर हेवी लायसन्सची नागरी बाजू तिथं असतानाच पूर्ण करावी. घरी आल्यावर सहा महिने साईटवर उमेदवारी आणि त्याच वर्षी पदविकेला प्रवेश.

पायदळाच्या पोराच्या हातात ट्रेड नाही असं म्हणू नका. नकाशा वाचतो, दिशा आणि अंतर काढतो. आर्टिलरीत तर सर्व्हेची वेगळी माणसंच असतात, देवळालीला शिकतात, ती टोटल स्टेशनवर, म्हणजे साईटच्या मोजणीच्या यंत्रावर, आठवड्यात तयार होतात. ईएमईचा, म्हणजे फौजेची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाचा, मेकॅनिक काँक्रीटचा बॅचिंग प्लॅन्ट सांभाळेल. कंपनीचं सामान सांभाळणारा क्वार्टरमास्टर हवालदार राहिलेला माणूस तर स्टोअरसाठीच जन्मलेला. माणूस बघताना बांधकामवाल्यांनी 'फौजी' एवढंच बघू नये. कुठली आर्म म्हणजे दल, कुठला ट्रेड, शेवटची नेमणूक काय, हे तीन प्रश्न विचारावेत. बसवायची जागा तिथंच कळते.

आणि ठेकेदार साहेब, झापण्याबद्दल. तुमचं खरं आहे. आम्ही नवीन जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) होतो तेव्हा आमच्या सुभेदार साहेबांनी सांगितलं होतं, शिव्या ग्राउंडवर, शिकवणं चहावर. बाहेर आल्यावर आम्ही पहिलं तेवढं आठवतो, दुसरं विसरतो. मुकादम म्हणजे त्या गँगचा हवालदार. जे सांगायचं ते त्याला बाजूला घेऊन सांगायचं, गँगसमोर त्याचा मान ठेवायचा. फौजेतही आपण दुसऱ्याच्या सेक्शनला थेट हुकूम देत नव्हतो. हे एकदा असं समजावलं की माजी सैनिकाला लगेच पटतं, कारण ही त्याच्याच घरातली गोष्ट आहे.

---

नाशिकचा_ठेकेदार | शुक्रवार, रात्री १०.१५

सुभेदार साहेब, मुकादम म्हणजे गँगचा हवालदार, हे मला त्या पहिल्या माणसाला सांगता आलं असतं तर तो आज माझ्याकडे असता. त्यांचा नंबर अजून आहे. उद्या फोन करतो.

दुसऱ्यांबद्दल राहिलं होतं. ते तुम्ही म्हणता तसे क्वार्टरमास्टर हवालदारच निघाले. माझं स्टोअर त्यांच्याकडे आहे. आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी सिमेंटच्या थप्प्या हलवल्या. दहा गोणींच्या वर थप्पी नाही, भिंतीपासून हातभर लांब, खाली फळ्या, आणि प्रत्येक थप्पीवर आल्याची तारीख. जुनी आधी बाहेर. त्याआधी माझ्या मागच्या थप्प्या दगड व्हायच्या आणि मी ते नशीब समजून फेकून द्यायचो.

मग स्टील. काट्याच्या पावतीवर विश्वास ठेवून आम्ही गाडी उतरवायचो. त्यांनी मला विचारलं, बारा एमएमची सळई मीटरला किती किलो? मी म्हटलं ०.८८८. म्हणाले, मग सळया मोजू. भर उन्हात दोन पोरांना घेऊन बंडलं सोडून मोजली. मोजणी आणि पावती यांत पाऊण टनाचा फरक. सप्लायरला बोलावलं, त्यानं न बोलता पुढच्या बिलात वळतं केलं. आता आमची गाडी आली की काट्यावरचा माणूस आधीच विचारतो, मेजर आहेत का साईटवर? हवालदार आहेत ते, पण आमच्याकडे सगळे मेजरच म्हणतात.

त्यांच्यामुळे वर्षाला किती वाचलं याचा हिशोब मी दिवाळीत काढला आणि त्यातला वाटा त्यांना दिला. गेटवर मिळतं त्याच्यापेक्षा जास्त देतो. पेन्शन आहे म्हणून कमी, हे माझ्याकडे चालत नाही. पेन्शन त्यांनी आधीच कमावलेली आहे.

---

ओळंबा | रविवार, सकाळी ९.००

इतकं सगळं एका आठवड्यात मिळेल असं वाटलं नव्हतं. माझ्या कंपनीत हे मांडलं. जे ठरलं ते सांगतो.

मुलाखतीच्या फॉर्ममध्ये आर्म, ट्रेड आणि क्लास, शेवटची नेमणूक हे तीन रकाने घातले. डिस्चार्ज बुक वाचायला सॅपर_वाईकर साहेब महिन्यातून एक दिवस येणार आहेत, त्यांचा प्रवासखर्च आणि मानधन कंपनी देईल. नवीन माणसाला तीन महिने पूर्ण पगारावर शिकाऊ ठेवायचं, गँग द्यायची नाही. सातारा आणि कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांना पत्र गेलं. त्यात कामाची जागा, राहायची सोय आणि सुट्टीचा वार आधी लिहिलाय, पगार त्यानंतर. रानजाई ताई, हे तुमचं.

कुटुंबासाठी खोल्यांचं अजून जमलेलं नाही. मालकांनी सहा महिने मागितलेत. मी पाठपुरावा करतो आणि इथे कळवतो.

शिराळकर, मुलगा पुढच्या सुट्टीवर आला की एक दिवस साईटवर पाठवा. काम नका धरू, नुसता बघून जाऊ दे.

---

रानजाई | रविवार, सकाळी ९.४०

आणि गेटवरचे काका?

---

ओळंबा | मंगळवार, रात्री ८.२०

ताई, तेच लिहायला बसलोय. मी विचारलं तेव्हा पहिल्यांदा नाही म्हणाले. "नऊ वर्षं झाली मशीनला हात लावून, साहेब. आता ती मशिनं वेगळी." मी म्हटलं, एक दिवस येऊन बघा, नाही जमलं तर गेट कुठे जात नाही. आज सुट्टी टाकून आले.

नवीन मॉडेलचं पोकलेन होतं, स्क्रीनवालं. आमचा ऑपरेटर चावी द्यायला लागला तर काकांनी घेतली नाही. आधी खाली उतरून मशीनला एक पूर्ण फेरी मारली. ट्रॅकचा ताण हाताने पाहिला, बकेटच्या पिनांपाशी वाकले, ग्रीस निपलवर बोट फिरवलं आणि बोट कोरडं आलं तसं ऑपरेटरकडे पाहिलं. बोलले काही नाहीत. त्या पोराने स्वतःच ग्रीस गन आणली. डिपस्टिक काढून तेल बघितलं, सिलिंडरच्या खाली गळती आहे का बघितलं. दहा मिनिटं गेली. मग वर चढले, सीट पुढे घेतली, लिव्हरवर हात ठेवून थोडा वेळ नुसते बसले.

पहिले दोन-तीन झटके आले. अर्ध्या तासाने ते फुटिंगच्या (पायाच्या) खड्ड्याची कड घेत होते आणि माझा सर्व्हेअर लेव्हल लावून बघायला आला, कारण कड सरळ दिसत होती.

उतरल्यावर त्यांनी एकच विचारलं, "याचं लॉगबुक कुठंय?"

भाड्याचं मशीन, लॉगबुक कुणी ठेवलंच नव्हतं. संध्याकाळी येताना स्टेशनरीच्या दुकानातून मोठं रजिस्टर घेतलं. सोसायटीच्या गेटवर दिलं त्यांना. त्यांनी तिथेच पट्टी लावून रकाने आखायला घेतले, तारीख, तास, डिझेल, ग्रीस, कुणी चालवलं. एक तारखेपासून येतायत.